ओंबळे लाठी घेऊनच का गेले? आठवीच्या मुलांना काय सांगू?

खडूफळा (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. दरवर्षी 26 नोव्हेंबरला आमच्याकडे संविधान दिन असतो. उद्देशिकेचं वाचन होतं आणि त्यालाच जोडून 26/11 च्या हुतात्म्यांना श्रद्धांजली. फोटोंना हार, दोन मिनिटं मौन, "अमर रहे" आणि मुलं परत वर्गात. यंदा बोलायची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

आमची ही मुलं 2008 नंतर जन्मलेली. मागच्या आठवड्यात सहज अंदाज घेतला. कसाबचं नाव सगळ्या वर्गाला माहीत, तुकाराम ओंबळे हे नाव मात्र अर्ध्या वर्गालाही सांगता येईना. हे मला फार लागलं. मग पुस्तक मिटलं आणि गोष्ट सांगितली. गिरगाव चौपाटीवरची नाकाबंदी, ती स्कोडा गाडी, आणि ओंबळ्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवलेली रायफलची नळी. सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, समोरच्याकडे एके-47 आहे हे दिसत होतं, तर ते लाठी घेऊन पुढे का गेले? मागे का नाही सरकले?"

आगाऊपणाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "शूर होते म्हणून." तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

तर या मुलाला काय सांगू? आणि दुसरं असं की, एखाद्या पोलीस कुटुंबाला शाळेत बोलवावं असं माझ्या मनात आहे. मुख्याध्यापक म्हणतात शाल-श्रीफळ देऊ, सत्कार करू. घरच्यांना ते बरं वाटतं का? की भरत आलेली जखम आपण उकरून काढतो? इथे कुणी पोलीस कुटुंबातले असतील तर कृपया मोकळेपणाने सांगा.

मेढ्याचा

बाई, मी जावळी तालुक्यातला. ओंबळे साहेबांचं केडंबे आमच्याच तालुक्यात. आमच्याकडे घरटी कुणीतरी मुंबईत असतंच, माथाडीत, लष्करात नाहीतर पोलिसात. ओंबळे साहेब आधी लष्करात होते, सिग्नलमध्ये, आणि 1991 ला मुंबई पोलिसात लागले. मुलांना हे जरूर सांगा, कारण त्या रात्रीचा माणूस आधीच्या सगळ्या वर्षांत घडलेला होता. 26 जानेवारी 2009 ला त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. केडंब्यात स्मारकासाठी 2025 मध्ये शासनाने 13 कोटींच्या वर रक्कम मंजूर केली आहे.

आणि तुमच्या मुलांना आवडेल असं एक. तुमच्याच ठाणे-कल्याण पट्ट्यात उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला ओंबळ्यांचं नाव दिलं, इसियस तुकारामी. पुतळा बघायला गिरगावला जावं लागतं, कोळी शाळेच्या कुंपणावरही भेटेल. माझा पुतण्या दोन दिवस भिंग घेऊन फिरत होता.

लाईनीतली लेक

बाई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही, म्हणून सकाळी डबे झाल्यावर लिहायला बसले आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी पोलीस लाईनीत वाढले. पपा मुंबई पोलिसात हवालदार. 28 वर्षं नोकरी झाली आणि 2011 साली अनंत चतुर्दशीच्या बंदोबस्तावर, पहाटे, उभ्याउभ्याच छातीत कळ येऊन गेले. वय 51. गोळी नाही, अतिरेकी नाही, त्यामुळे कुठल्या फलकावर त्यांचं नाव नाही. त्यासाठी भांडायला मी आलेली नाही. पण तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी आमच्या दारात उभं राहून पाहिलं आहे, ते सांगते.

26 नोव्हेंबर 2008 ला पपा दिवसपाळी करून घरी आले होते. ड्रेस काढून खुंटीला लावला होता, लुंगीवर जेवायला बसले होते. पहिली भाकरी संपत आली होती. शेजारच्या काकांच्या घरातून टीव्हीचा आवाज मोठा झाला आणि त्याच वेळी फोन वाजला. पपा दोनदा "होय साहेब" म्हणाले आणि ताटावरून उठले. हात धुतले, पुन्हा तोच घामाचा ड्रेस चढवला, पट्टा आवळला. आई म्हणाली, "एवढी भाकरी तरी संपवा." ते म्हणाले, "झाकून ठेव, आलो." मग दाराच्या मागून लाठी घेतली. आमच्या घरात ती कायम तिथेच असायची, केरसुणीच्या शेजारी. आईने लाठीकडे बघितलं आणि विचारलं, "बंदूक देतील ना तिथे?" पपा म्हणाले, "गेल्यावर बघू." बाहेर गॅलरीत आले तर प्रत्येक दारातून कुणी ना कुणी पट्टा आवळत बाहेर पडत होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जिन्यावर नुसता बुटांचा आवाज.

ते तीन दिवसांनी घरी आले.

तर लाठी घेऊन का गेले, याचं पहिलं उत्तर फार साधं आहे. हातात तीच होती. नाकाबंदीवर उभ्या असलेल्या बहुतेकांच्या हातात तीच होती. ओंबळ्यांनी बंदूक सोडून लाठी निवडली नव्हती. असं काही मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका, कारण मग ती सिनेमातल्यासारखी गोष्ट होते आणि ज्या माणसाला पुरेशी शस्त्रं न देता उभं केलं गेलं, त्याचं दुःख त्यातून निघून जातं.

मागे का सरकले नाहीत, हे दुसरं. मला असं वाटतं की पोलिसाचे पाय त्या एका क्षणी ठरवत नाहीत. ते आधीच ठरलेलं असतं. कुठे शिट्टी वाजली, आरडाओरडा झाला, की आपण सगळे मागे होतो आणि हा माणूस पुढे होतो. दारूच्या गुत्त्यावरची मारामारी असो, गॅसचा वास येणारं बंद घर असो, दहीहंडीची चेंगराचेंगरी असो. रोज, महिनोन् महिने पुढे व्हायचं. ओंबळे 1991 ला लागले आणि 2008 ला गेले, म्हणजे 17 वर्षं. त्याआधी लष्कर. त्या मुलाला सांगा, ओंबळ्यांचे हात त्या नळीवर गेले ते 17 वर्षांच्या सवयीने गेले. त्यांना विचार करायला सवड मिळाली असती तरी ते तिथेच असते असं मला वाटतं, पण सवड मिळाली नव्हती.

फक्त "त्यांना भीती वाटली नाही" असं सांगू नका, बाई. ही एक विनंती आहे. मी आठ वर्षांची असताना, जानेवारी 1993 च्या दंगलीत पपा चार दिवसांनी घरी आले. खाटेवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला वाकले, तर बोटं ऐकेनात. थरथरत होती. आईने खाली बसून त्यांच्या नाड्या सोडल्या. मोजे पायाला चिकटले होते. पपांनी डोळे मिटले होते. त्या रात्री दोघं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते पुन्हा ड्रेसमध्ये होते आणि मी नेहमीसारखं ब्रासो लावून त्यांच्या पट्ट्याचं बक्कल घासत होते. ते माझं काम होतं. बोट काळं होईपर्यंत घासायचं, मग कोरड्या फडक्याने पुसायचं, मग त्यात तोंड दिसलं पाहिजे. भीती वाटते आणि तरी सकाळी बक्कल चमकतं, हे मी घरात पाहिलेलं आहे. आठवीच्या मुलाला हे कळेल. त्यालाही परीक्षेला जाताना पोटात गोळा येतो आणि तरी तो जातोच.

आता घरच्यांना बोलवायचं म्हणालात त्याबद्दल.

पपा गेल्यानंतर दोन वर्षांनी एका ठिकाणी आईचा सत्कार होता. कुठे ते सांगत नाही, बोलावणारे मनाने वाईट नव्हते. आईला स्टेजवर बसवलं. सूत्रसंचालकाने "वीरपत्नी" म्हणून नाव पुकारलं. आई माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावत आहेत. शाल दिली, नारळ दिला, फोटो झाले. मग स्टेजवरच्या सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि आईपाशी आल्यावर ती मुलगी क्षणभर थांबली आणि पुढे गेली. आई दोन तास ताठ बसली होती. रिक्षात म्हणाली, "त्यांचं नाव एकदाही नीट घेतलं नाही गं. आडनाव चुकवलं." त्या दोन तासांत पपा कसे होते हे एकाही माणसाने तिला विचारलं नव्हतं.

आणि उलट एक सांगते. पपा गेले त्या दिवशी दुपारी त्यांच्या चौकीवरचे एक काका त्यांचा डबा घेऊन आले. स्टीलचा तीन पुड्यांचा. घासून, धुऊन, पुसून कोरडा केलेला. आईने डबा हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवले होते का?" काका म्हणाले, "होय वहिनी, सगळा संपवला. मिरवणूक जरा थांबली तेव्हा आम्ही बरोबर जेवलो." आईने डबा छातीशी धरला. पुढे कितीतरी वर्षं ती हे लोकांना सांगायची, जेवून गेले. माझ्या लग्नात ते काका आले तेव्हा मी त्यांना एका बाजूला घेऊन विचारलं. ते खूप वेळ बोलेनात. मग म्हणाले, "डबा उघडलाच नव्हता, बेटा. मीच नळाखाली धुतला. भरलेला डबा वहिनींच्या हातात कसा देऊ?" मी आईला हे सांगितलेलं नाही. ती मोबाईलवर हे वाचत नाही, म्हणून इथे लिहू शकते.

पोलिसाच्या घराला सांभाळणं म्हणजे काय, हे मला त्या काकांनी शिकवलं. पुढे पेन्शनचा एक कागद एका कार्यालयात अडकला तेव्हा दर सोमवारी आईबरोबर तेच जायचे. नाईट करून, न झोपता. तो सुटायला अकरा महिने लागले.

म्हणून बाई, बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण स्टेज नको. वर्गात बोलवा, मुलांच्या समोर खुर्ची ठेवा. नाव, आडनाव, हुद्दा, गाव आधी विचारून घ्या आणि तोंडपाठ करा. शक्य असेल तर बक्कल नंबरही विचारा. लाईनीत माणूस नंबराने ओळखला जातो, घरच्यांना तो झोपेतही आठवतो. मुलांना आधीच चिठ्ठीवर एकेक प्रश्न लिहू द्या. प्रसंगाचा प्रश्न नको, माणसाचा हवा. काय आवडायचं, चिडायचे कशावर, सुट्टी मिळाली की कुठे जायचे. आई दिवसभर बोलेल.

निवृत्त स. फौ.

ताईने लिहिलं त्यावर मी काय बोलणार. त्या धुतलेल्या डब्यावर आमच्या अख्ख्या खात्याची सही आहे असं समजा. मी 34 वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. ओंबळ्यांचाही हुद्दा तोच. कागदोपत्री सहायक पोलीस उपनिरीक्षक, बोलण्यात सहायक फौजदार. तेव्हा शिपाई म्हणून लागलेला माणूस नाईक, हवालदार असं चढत चढत केस पांढरे झाल्यावर तिथे पोहोचायचा. म्हणजे त्या रात्री जो पुढे झाला तो तरणाबांड कमांडो नव्हता, निवृत्तीकडे झुकलेला माणूस होता. मुलांना हे सांगा.

बाई, त्या रात्रीचा क्रम वर्गात सांगताना गडबड होऊ नये म्हणून लिहितो. सीएसएमटीवर, तेव्हाचं सीएसटी, दोघा अतिरेक्यांनी गोळीबार केला. तिथे रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे गेले. मग कामा रुग्णालय. त्या गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर साहेबांच्या क्वालिसवर गोळीबार झाला. आत सात जण होते, त्यातले फक्त अरुण जाधव वाचले. तीच क्वालिस घेऊन ते दोघे निघाले, टायर बसला, मग स्कोडा पळवली आणि मरीन ड्राइव्हने चौपाटीकडे आले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी तिथे होती. बिनतारीवर स्कोडाचा संदेश आला होता. गाडी अडथळ्याच्या अलीकडे थांबली, वळवायला गेली आणि दुभाजकावर चढली. चालवणारा इस्माईल गोळीबारात पडला. बाजूचा कसाब. ओंबळ्यांनी नळी धरली, गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, बाकीच्यांना कसाबवर तुटून पडता आलं. संजय गोविलकर साहेब तिथेच जखमी झाले. मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे तारीख खरं तर 27.

रायफलीतून राऊंड सुटत असताना नळी किती तापते हे ज्याने फायरिंग केलं आहे त्याला विचारा. सरावात चुकून बोट लागलं तरी माणूस हात झटकतो. ओंबळ्यांनी सोडली नाही. दहा अतिरेक्यांपैकी एकटा जिवंत हाती लागला, तो या दोन हातांमुळे. त्याच्या तोंडून सगळा कट बाहेर आला, खटला उभा राहिला, मे 2010 ला फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळे दरवाजे त्याला उघडे राहिले आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी झाली. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता आणि त्याच दिवशी संविधान दिन असतो. ज्याने आपल्या माणसाला मारलं त्याला पोलिसांनी न्यायालयासमोर नेऊन उभं केलं, हे त्या उद्देशिकेच्या शेजारी ठेवूनच सांगा. मला त्याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

आणखी एक तारीख लक्षात असू द्या, 21 ऑक्टोबर. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याने केलेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान गेले. तो दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. मुंबईत नायगावच्या पोलीस हुतात्मा मैदानावर परेड असते. वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्या देशभरातल्या पोलिसांची नावं वाचली जातात. "शोक शस्त्र" झालं की रायफली उलट्या होतात आणि बिगुल वाजतो. मी अनेक वर्षं त्या रांगेत उभा होतो. यादी लांब असते, ऊन लागतं, पायाला मुंग्या येतात, पण रांगेत कुणी हलत नाही. आपल्या ओळखीचं नाव आलं की मान न वळवताही कळतं, बाजूच्याचा श्वास बदलतो.

2020 च्या करोनात 55 वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं होतं. माझा एक जोडीदार 54 चा होता. त्याला गोळी लागली नाही, ताईंच्या वडिलांना लागली नाही. माझ्या यादीत दोघंही आहेत.

कुरखेड्याहून

मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. बाई, तुमच्या कार्यक्रमात मुंबईच असणार, ते बरोबरच आहे. पण दोन मिनिटं आमच्यासाठीही काढा ही हात जोडून विनंती.

1 मे 2019, महाराष्ट्र दिन. सकाळी झेंडावंदन करून आम्ही घरी आलो होतो. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं नक्षल्यांनी जाळली होती, म्हणून शीघ्र कृती दलाचं पथक तिकडे निघालं होतं. जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेला. चालक पोलीस नव्हता, गाडी खाजगी होती. आम्ही शाळेत नावं वाचतो तेव्हा सोळा वाचतो, पंधरा नाही.

2009 तर आमच्यासाठी फारच वाईट वर्ष. फेब्रुवारीत मरकेगाव, मे महिन्यात हत्तीगोटा, ऑक्टोबरात लाहेरी. लाहेरीला 8 ऑक्टोबरला सतरा पोलीस गेले, विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर होतं. हत्तीगोट्याला गेलेल्यांमध्ये महिला पोलीसही होत्या. सी-60 या नक्षलविरोधी पोलीस पथकातले पुष्कळ जवान इथल्याच गावांतले, घरी गोंडी नाहीतर माडिया बोलणारे. म्हणजे ज्या जंगलात लहानपणी मोहफुलं वेचली त्याच जंगलात बंदूक घेऊन जायचं, आणि समोरही कधी आपल्याच शाळेत शिकलेला पोरगा असायचा. या दुःखावर मी वर्गात कधी धड बोलू शकलो नाही. माझ्या शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांचे वडील पोलिसात आहेत. शोधमोहीम सुरू झाली की ती दोघं खिडकीकडे तोंड करून बसतात. मी त्यांना फळ्याकडे बघा म्हणत नाही.

खडूफळा (डोंबिवली)

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मेढ्याच्या दादांचा कोळी विज्ञानाच्या बाईंनी उचलला आहे, सोमवारी मुलं कुंपणावर शोधणार आहेत. निवृत्त काकांनी लिहिलेला क्रम मी फळ्यावर नकाशा काढून सांगणार आहे. कुरखेड्याचे सर, सोळा नावं मी मिळवते आहे आणि सोळाच वाचणार.

मुख्याध्यापकांना लेकीचा प्रतिसाद वाचायला दिला. ते वाचून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, मग म्हणाले, "शालीचं राहू दे."

आज वर्गात मी ती 1993 ची बुटाच्या नाडीची गोष्ट सांगितली, नाव-गाव न सांगता. पहिल्या बाकावरच्या त्या मुलाने या वेळी काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, म्हणजे ओंबळ्यांचे पण हात थरथरत असतील, पण सुटले नाहीत." मी हो म्हणाले.

चिठ्ठ्या लिहून घेतल्या आहेत. बत्तीस आल्या. लेक, तुमची आई डोंबिवलीपर्यंत येतील का, हे विचारायचं धाडस करते आहे. गाडीची सोय आम्ही करू. नाही आल्या तरी एका मुलीचा प्रश्न तुम्हाला पाठवल्याशिवाय राहवत नाही. तिने लिहिलंय, "काका नाईटवरून घरी आल्यावर सगळ्यात आधी काय करायचे?"

लाईनीतली लेक

आईला विचारलं. गुडघ्यांमुळे जिना जमत नाही, खालच्या मजल्यावर वर्ग असेल तर येते म्हणाली. आणि तारीख काय आहे ते दोनदा विचारून घेतलं.

त्या मुलीचा प्रश्नही वाचून दाखवला. आईने टीव्ही बंद केला. मला वाटलं होतं मीच उत्तर लिहीन, पण ती सांगत गेली आणि मी लिहून घेतलं. जसंच्या तसं देते.

"आल्यावर आधी दारातच टोपी काढायचे. टोपी घालून घरात कधी आले नाहीत. मग माझ्या हातात टोपी द्यायचे आणि विचारायचे, पोरगी उठली का? उठली नसली तर बूट बाहेरच काढून, मोज्यांवर आत यायचे, आवाज नको म्हणून. गरम पाण्यात खडेमीठ टाकून घमेलं ठेवलेलं असायचं, त्यात पाय सोडून बसायचे. चहा बशीत ओतून प्यायचे. पाणी गार होईपर्यंत बसायचे, आणि पुष्कळदा तिथेच, भिंतीला डोकं टेकून, झोप लागायची. मी उठवत नसे. पाय तेवढे पुसून घ्यायची."